शौलाचे चिलखत

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या कोल्हापूरच्या घरी नातवंडांचा मेळा जमतो. पूर्वी पत्त्यांचे डाव रंगत, पुढे कॅरम आला. या खेपेस मात्र माजघरातल्या सोलापुरी चादरीवर काही निराळेच मांडलेले दिसले. रेघोट्या मारलेले कागद, पेन्सिली, निरनिराळ्या पैलूंचे रंगीत फासे आणि मधोमध एका भुयाराचा नकाशा. प्रत्येक मुलाने एक कल्पित पात्र व्हावयाचे, सर्वांनी मिळून भुयारात शिरावयाचे आणि संकटांस तोंड द्यावयाचे, असा एकूण खेळ. आम्ही चष्मा चढवून बाजूस बसलो. इतक्यात आमची थोरली नात फणकाऱ्याने म्हणाली, "आजोबा, मी धर्मगुरू झालेय, तर मला तलवार घेता येत नाही म्हणे! असं का?"

पोरखेळातला प्रश्न म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेणार होतो. परंतु तसे झाले नाही. कोणी कोणते शस्त्र हाती घ्यावे, कोणी कोणते चिलखत अंगावर चढवावे, आणि मुख्य म्हणजे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न मानवी समाजाइतकाच जुना आहे. पुढे तो आमच्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाविषयी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. आरंभी त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. लढवय्याला कोणतेही शस्त्र आणि कोणतेही चिलखत मोकळे. जादूगाराच्या हाती मंत्रांचे सामर्थ्य, म्हणून त्याला चिलखत वर्ज्य आणि शस्त्र म्हणाल तर एक खंजीर. धर्मगुरू या दोहोंच्या मधला. त्याला चिलखत चालते, जखमा भरून आणण्याची शक्ती असते. पण धार असलेले शस्त्र त्याला निषिद्ध. त्याने गदा किंवा सोटा घ्यावा. पुढच्याच वर्षी चोर हा चौथा वर्ग आला. त्याला अंगावर कातडी चिलखतच काय ते चाले, कारण लोखंड खणखणले की चोरी फसली!

यातील काही नियम निव्वळ सोयीचे आहेत. तसे पाहू जाता जादूगाराने तलवार घेऊ नये असे कोठे लिहिले आहे? या खेळाने ज्यांच्या कथासृष्टीतून पुष्कळ काही उचलले ते टॉल्किन निष्ठावंत कॅथलिक होते, आणि त्यांचा वृद्ध जादूगार गँडाल्फ एका हाती काठी व दुसऱ्या हाती तलवार घेऊन लढतो. मग खेळात बंदी का? मुलांनी दिलेले उत्तर आम्हांला पटले. एकालाच सर्व काही दिले, तर बाकीच्यांनी भुयारात जावे कशाला?

धर्मगुरूवरील बंदीचे मूळ मात्र आपल्याच घरात, ख्रिस्तसभेच्या इतिहासात सापडते. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण असलेला बायोचा सुमारे ७० मीटर लांबीचा भरतकामाचा पट जगप्रसिद्ध आहे. त्यात विजेत्या विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो, घोड्यावर स्वार होऊन रणधुमाळीत शिरलेला दिसतो. त्याच्या हातात तलवार नाही. आहे तो लाकडी सोटा. धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून बिशपमहाशयांनी सोटा उचलला, असा अर्थ पुष्कळांनी लावला. तो निव्वळ अधिकारदंड होता, असे दुसरे अभ्यासक म्हणतात. खेळकर्त्यांना पहिला अर्थ सोयीचा होता.

हा अर्थ खरा धरला, तर त्यात केवढी गंमत आणि केवढी शोकांतिका आहे पाहा! तलवारीने मान कापली तर रक्त सांडते, आणि सोट्याने कवटी फोडली तर काय गुलाबपाणी सांडते? नियमाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा पायदळी तुडवण्याची ही कला मनुष्याला फार लवकर साधते. आम्ही स्वतः कोणाला शिवी दिली नाही, इतकेच समाधान बाळगून एखाद्याचे आयुष्य सौम्य शब्दांनी ठेचणारे सज्जन आपण पाहतोच. त्यांच्या हातात सोटा असतो, एवढेच.

परंतु नियमाच्या मुळाशी जो विचार होता तो क्षुद्र नव्हता. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना देहदंडाची शिक्षा फर्मावण्यास, ती अमलात आणण्यास आणि भाडोत्री सैनिकांचे अधिपत्य करण्यास मनाई केली. इतकेच काय, जाळण्याकापण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी करू नये असे ठरवले. ज्या हातांनी वेदीवर भाकर उचलायची, ते हात रक्ताने माखू नयेत, ही त्यामागची भावना. येथे मर्यादा ही शिक्षा नाही. ती ओळख आहे. संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण घ्या. हा बास्क सरदारपुत्र १५२२ साली मॉन्सेरातच्या मठात रात्रभर जागला आणि आपली तलवार व खंजीर त्याने पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवून दिली. कोणी हिसकावून घेतली नाहीत. ज्याला ती उत्तम चालवता येत होती, त्याने ती खाली ठेवली. म्हणून त्या कृतीला अर्थ आहे. ज्याला तलवार धरताच येत नाही, त्याने शस्त्रसंन्यास घेतला तर त्यात कसले पुण्य?

आता आपल्या नगरीकडे वळू. शस्त्र आणि मनुष्य यांची जोड कशी लावावी, हे कोल्हापूरकराला परदेशी खेळाकडून शिकण्याचे कारण नाही. येथल्या पेठापेठांतून तालमी आहेत आणि मर्दानी खेळांचे आखाडे अजूनही घुमतात. लाठी, फरी-गदगा, तलवार-ढाल, भाला, विटा, दांडपट्टा अशी तेथली शस्त्रांची परंपरा. लाकडी गदगा आणि चामड्याची फरी हे सरावाचे साहित्य; चुकले तर हाड दुखते, पण जीव वाचतो. विट्याला दोरी असते; फेकलेले शस्त्र तिच्या आधाराने परत हाती यावे म्हणून. आणि दांडपट्टा तर २०२४ साली महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला. त्याची मूठ लोखंडी खोबळ्यात असते. त्यात हात घातला की मनगट वळत नाही. सारी फेक खांद्याकोपरातून आणि पायांच्या फिरकीतून यावी लागते. तलवारीची सवय असलेला मनुष्य पट्टा घेऊन उभा राहिला तर तो प्रथम स्वतःलाच इजा करून घेईल.

हे जाणणारा तो वस्ताद. आम्ही लहानपणी तालमीच्या दारात उभे राहून पाहिले आहे. नवा पोरगा आला की वस्ताद त्याची जातपात विचारीत बसत नसत. त्याचे खांदे पाहत, चाल पाहत, राग किती लवकर येतो ते पाहत. प्रथम सर्वांच्या हाती लाठीच. पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी, कोणाच्या हाती पट्टा येई, कोणी भाल्यावर स्थिरावे. एखादा तापट पोरगा तलवारीसाठी हटून बसला, तर वस्ताद शांतपणे म्हणत, "अजून थोडं लाठीवर राहा रं बाळा." त्या 'अजून'मध्ये सारे शहाणपण होते. दार बंद नव्हते. वेळ आली नव्हती. नियम मनुष्याकडे पाहून केला जात होता, आणि मनुष्य बदलला तर नियम बदलत होता.

परंतु या देशाने दुसऱ्या प्रकारचे नियमही पाहिले आहेत. नातवंडे 'क्लास' म्हणतात, तेव्हा आमच्या कानांना 'वर्ण' ऐकू येतो. महाभारतातल्या निषादपुत्र एकलव्याने कोणाच्याही मदतीवाचून धनुर्विद्या साधली, आणि गुरुदक्षिणा म्हणून त्याचा अंगठाच मागितला गेला. कर्णाच्या अंगावर तर जन्मतःच कवच होते. प्रत्यक्ष सूर्याने दिलेले चिलखत! तरीही रंगभूमीवर त्याला प्रथम कूळ विचारले गेले. म्हणजे अंगी योग्यता असो, अंगावर कवच असो. आधी वर्ग सांगा, मग शस्त्र धरा. याउलट प्रतापगडावर १६५९ साली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला नाभिक समाजातला होता, असे परंपरा सांगते. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठी मनुष्य आजही अभिमानाने उच्चारतो. शिवछत्रपतींनी पट्ट्याचा हात पाहिला, वस्तऱ्याचा पाहिला नाही.

इंग्रजांनी हाच वर्णविचार शास्त्राचे सोंग देऊन नव्याने मांडला. १८५७ नंतर त्यांनी हिंदुस्थानच्या लोकांची 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' अशी वाटणी केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणींत चाकरी केलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्यांच्याच समाजाला सांगण्यात आले की, बंदूक तुमच्या वर्गाचे शस्त्र नाही. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. अखेर १९४१ साली, आमच्या कोल्हापुरापासून फार दूर नसलेल्या बेळगावात, महार रेजिमेंट उभी राहिली. आणि १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाले. ज्यांच्या हाती साधी बंदूक नको होती, त्यांच्या बिल्ल्यावर पुढे दोन मशीनगना झळकल्या. त्या पन्नास वर्षांत त्या माणसांचे हात बदलले नव्हते. बदलले होते ते त्यांच्याविषयीचे कागद.

स्त्रियांची कथा निराळी नाही. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा महाराणी ताराबाईंचे वय अवघे पंचवीस होते. विधवेच्या वर्गाला त्या काळाने कोणता वेष नेमला होता, हे वाचकांना सांगावयास नको. ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्ध सात वर्षे राज्य राखले. कावळा नाक्यावरचा त्यांचा अश्वारूढ पुतळा रोज हजारो कोल्हापूरकर पाहतात. त्यांतल्या कितीजणांच्या मनात येत असेल की, तो घोडा आणि ते शस्त्र त्यांना कोणी दिलेले नव्हते? फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्कचे पुरुषी वस्त्र हाच तिच्यावरचा एक आरोप ठरला. १४३१ साली बिशपच्या न्यायासनाने तिला दोषी ठरवले आणि तिला जाळण्यात आले. १४५६ साली तो निवाडा रद्द झाला. १९२० साली ती संतपदास पोहोचली. चिलखत कोणाला शोभते हे कळावयास ख्रिस्तसभेला जवळपास पाचशे वर्षे लागली, हे आपण नम्रपणे मान्य केलेले बरे.

लेखणी हेही शस्त्रच. राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांनी वस्तादाचेच काम केले. दरबारची लेखणी एकाच वर्गाच्या हाती का, असा प्रश्न त्यांनी विचारला. आणि उत्तराची वाट न पाहता ती दुसऱ्यांच्या हाती दिली.

मग सर्वच बंधने तोडावीत काय? नातवाने आम्हांला माहिती पुरवली की, २००० सालच्या आवृत्तीपासून खेळातली ती जुनी बंदी सैल झाली आहे. धर्मगुरूने धारेचे शस्त्र घेतले तरी आता चालते. यावर मुलांत तासभर वाद झाला. आमची नात, जिने प्रश्न उपस्थित केला होता, तीच शेवटी म्हणाली, "राहू दे. मी गदाच ठेवते. मला सगळंच आलं तर दादाचं काय काम?" संत पौलाने करिंथकरांना शरीराचे आणि अवयवांचे उदाहरण देऊन जे समजावले, तेच ती आपल्या भाषेत बोलली होती. डोळ्याला हाताची गरज आहे, कारण डोळा हात नाही. मर्यादा नसती तर संगत नसती. प्रत्येकाने आपापल्या भुयारात एकट्याने जावे लागले असते.

येथे आम्हांला दोन मर्यादांमधला भेद उलगडला असे वाटते. खेळात मूल आधी वर्ग निवडते आणि मग त्याची बंधने पत्करते. व्रतही असेच असते : इग्नेशियसने खाली ठेवलेली तलवार, नातीने राखलेली गदा. एकलव्याच्या बाबतीत क्रम उलटा होता. वर्ग आधीच ठरलेला, आणि बंधन त्याच्या हातावर कोरलेले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे शस्त्रावाचूनचा हातच दिसतो. एक हात मोकळा असतो, दुसरा मोकळा केलेला असतो. कोणी म्हणेल, देह आणि बुद्धी आपण कोठे निवडतो? खरे आहे. पण ती देणाऱ्याने त्याबरोबर फर्मान पाठवलेले नाही. ती पारखावयाची असतात, लाठीवर राहून, चुकत, पडत. आणि त्यासाठी वेळ आणि वस्ताद दोन्ही लागतात.

येथवर लिहिणे सोपे होते. आता जे लिहावयाचे ते लिहिताना हात अडखळतो.

मुलांच्या कागदांवर प्रत्येक पात्राचे चित्र होते. चिलखताची एकेक कडी, पट्ट्याचा खोबळा, गदेवरची नक्षी, सारे इतके जिवंत की आम्ही विचारले, "हे कोणी काढलं?" नात म्हणाली, "बाबांनी. काल रात्री." तिचे बाबा म्हणजे आमचा थोरला मुलगा. या कलापुरात, जेथे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर होऊन गेले, तेथे जन्मलेल्या या मुलाच्या बोटांत चित्र होते, हे आम्हांला त्याच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होते. आणि तरीही आम्ही त्याला अभियांत्रिकीला घातले. आमचे वडील ज्या पगाराअभावी कष्टले, ज्या प्रतिष्ठेअभावी आम्ही अपमान गिळले, त्या सर्वांवर तोच उतारा आहे, अशी आमची खात्री होती. आम्ही त्याला दुष्टाव्याने काही केले नाही. आमच्याजवळ जे उत्तमात उत्तम चिलखत होते, तेच त्याच्या अंगावर चढवले. तिसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले. पुढे एका कारखान्यात हिशेबनीस झाला, संसार नेटका केला, आमच्याशी कधी वावगा शब्द बोलला नाही. चित्र मात्र आमच्या देखत पुन्हा काढले नाही.

जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद आणि गल्याथ यांची कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. गोफण आणि पाच गुळगुळीत गोटे सर्वांना आठवतात. त्याआधीचा प्रसंग मात्र आपण घाईने ओलांडतो. शौल राजाने दावीदाच्या अंगावर स्वतःचे चिलखत चढवले, डोक्यावर पितळी टोप ठेवला. दावीदाने तलवार कमरेस बांधून चालून पाहिले. त्याला चालता येईना. याची मला सवय नाही, अशा अर्थाचे काही बोलून त्याने ते सारे उतरवले. शौलाचे चिलखत वाईट नव्हते. ते राजाचे होते, प्रेमाने दिलेले होते, आणि त्या मुलाचा जीव वाचावा म्हणूनच दिलेले होते. ते दावीदाचे नव्हते, एवढाच त्यात दोष.

त्या रात्री बायबल उघडून आम्ही तो अध्याय पुन्हा वाचला आणि एका गोष्टीने थबकलो. दावीदाने चिलखत उतरवले, त्यावर शौल काय बोलला, हे तेथे लिहिलेलेच नाही. तो रागावला असे नाही, त्याने आग्रह धरला असे नाही, आपल्या मानाचा प्रश्न केला असेही नाही. हा तोच शौल, जो पुढे याच मुलावर मत्सराने भाला फेकणार होता. त्याच्या हातून पुढे फार चुका झाल्या. पण त्या एका क्षणी, आपले चिलखत जमिनीवर पडलेले पाहूनही तो गप्प राहिला, आणि मेंढपाळाच्या पोराला त्याची काठी घेऊन जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला अंगणात बसून धाकट्या नातवाचे राहिलेले चित्र पुरे करीत होता. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो. त्याने वर पाहिले, पेन्सिल थांबली. मग पुन्हा चालू लागली. आम्ही काही बोललो नाही. तीस वर्षांपूर्वी एवढेच जमावयास हवे होते.